न वळलेले लाडू

सकाळी माझ्या बोटांना जाग यायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. डोळे उघडायचे, अवोन्डेल उपनगरातल्या आमच्या गल्लीत कुणाची तरी गाडी घरघरत सुरू व्हायची, स्वयंपाकघरातून आईच्या भांड्यांचा आवाज यायचा, आणि मी दुलईखाली पडून बोटांची वाट पाहत राहायचे. सुजलेली, गरम, ताठ बोटं. त्यांच्यानंतर मनगटं, मग गुडघे, मग घोटे, असे सगळे आपापल्या सवडीनं उठायचे. सोळाव्या वर्षी संधिवात झाला म्हटलं की आमच्या ओळखीतले लोक आधी हसायचे. संधिवात हा आजीआजोबांनी तेल चोळत बसायचा आजार, तो शाळकरी पोरीला कसा होईल? मग ते माझे हात बघायचे, हसू थांबायचं आणि सल्ले सुरू व्हायचे.

दुखण्यापेक्षा मला वाईट वाटायचं ते थकव्याचं. दुखणं निदान कुठं आहे ते दाखवता येतं. थकवा म्हटला की लोकांना वाटतं झोप झाली नसेल. माझा थकवा झोपेनं जात नसे, उलट झोपून उठलं की वाढलेला असे. दात घासले की बसावं लागायचं. शर्टाची बटणं आई लावायची, केस आई विंचरायची, आणि दोघीही त्या वेळी एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं टाळायचो. शाळा सुटली होती, अभ्यास घरी यायचा आणि टेबलावर पडून राहायचा. मैत्रिणी आधी चॉकलेटं घेऊन आल्या, मग मेसेज आले, मग नुसतं 'टेक केअर' आलं. त्यांचंही काही चुकलं नाही. जिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही तिच्याशी किती वेळ बोलणार?

आमचं घर लाकडी, भाड्याचं आणि ओलसर होतं. हिवाळ्यात खिडक्यांच्या काचा आतून घामेजायच्या आणि आई रोज सकाळी त्या जुन्या टॉवेलनं पुसायची. बाबा पुण्याहून इथं कॉम्प्युटरच्या नोकरीवर आला होता, तो सकाळी लवकर जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर घरात आई, मी आणि भिंतीवरचा हीटर. तो सुरू होताना एक उसासा टाकायचा, मग बराच वेळ गप्प. आम्हा तिघांत तोच काय तो मोकळेपणानं उसासे टाकायचा.

आता मी वेलिंग्टनच्या उत्तरेला, जॉन्सनव्हिलला, टेकडीवरच्या घरात राहते. हे लिहिताना मधूनमधून उठून हात गरम पाण्यात बुडवून येते. आजार गेलेला नाही. तो या घरातला जुना भाडेकरू आहे, मधूनच भांडतो, पण आताशा माझ्या खोलीत राहत नाही. तो खोलीबाहेर कसा पडला ते मला सांगायचं आहे, आणि ते सांगायचं म्हणजे एका आइस्क्रीमच्या डब्यापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या पलीकडच्या घरात नेडा राहायची. ऐंशीच्या घरातली, एकटी. तिचे आजोबा कधीकाळी क्रोएशियाहून येऊन इकडं पश्चिमेला द्राक्षं लावत होते, त्याची आठवण म्हणून तिच्या अंगणात एक खडबडीत वेल आणि बाकी सगळी फिजोआची झाडं. फिजोआ म्हणजे कोंबडीच्या अंड्याएवढं हिरवं फळ, पेरू आणि अननस यांच्या मधल्या चवीचं. शरद ऋतूत त्याचा पाऊस पडतो आणि मग इथले लोक ते एकमेकांच्या गळ्यात मारत सुटतात. आम्ही राहायला आलो त्या वर्षी नेडानं कुंपणाची एक फळी निखळली होती तिथून आइस्क्रीमचा रिकामा डबा भरून फिजोआ दिले. "हीप्स आलेत यंदा," ती म्हणाली, म्हणजे ढिगानं. असा डबा इथं कुणी परत करत नाही. त्यातलं खायचं आणि डबा टाकून द्यायचा, किंवा त्यात खिळे-मोळे ठेवायचे.

हे आईला कोण सांगणार? आईच्या लेखी भांडं ते भांडं, आणि रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. तिनं तो डबा घासला, पुसला, त्यात चिवडा भरला आणि फळीच्या फटीतून परत केला. नेडाला वाटलं, या लोकांत असा रिवाज दिसतो, की हा डबा फिरता ठेवायचा. तिनं त्यात लिंबं भरली. आईनं शंकरपाळे. नेडानं चार्डची, पालकासारखी पानं. दोघींनाही वाटत होतं की थांबलं तर समोरचीला वाईट वाटेल. अशा रीतीनं एक टाकाऊ डबा, झाकणावरचं गाईचं चित्र पुसट होईपर्यंत, वर्षानुवर्षं कुंपणापलीकडे जात-येत राहिला. आई तिला घरात 'नेडाआजी' म्हणायची, कारण एवढ्या मोठ्या बाईला नुसतं नावानं हाक मारायची तिला लाज वाटायची. नेडाला माझं 'ऋजुता' जमत नसे. ती मला 'रूज' म्हणायची.

मी आजारी पडले आणि घरात डब्यांचा सुळसुळाट झाला. महाराष्ट्र मंडळातल्या बायका खिचडी आणायच्या, डिंकाचे लाडू आणायच्या, हळदीचं दूध सांगायच्या, गहू सोड म्हणायच्या, दही सोड म्हणायच्या, एकीनं तर चपला बदल म्हणून सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं. पण त्या मायेनंच यायच्या, हे मला तेव्हाही कळत होतं. आई त्यांचे डबे भरून परत करायची, म्हणजे तिचा हिशोब फिटत होता. माझा फिटत नव्हता. सगळ्यांकडून मी नुसती घेत होते. माया, खिचडी, कीव, गोळ्या. घेऊन घेऊन मी इतकी दमले होते की कुणी दारात आलं तरी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचे.

दर काही आठवड्यांनी हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई हसतमुख होती. ती माझ्यासमोर बसून म्हणायची, "मेक अ फिस्ट फॉर मी." लगेच शेजारून आई कुजबुजायची, "मूठ वळ गं," जणू मला इंग्रजीच येत नव्हतं. मी बोटं वाकवायचे. ती अर्ध्यावर यायची आणि थांबायची. तळहात आणि बोटं यांच्यामध्ये एखादा लाडू सहज मावेल एवढी पोकळी राहायची. बाई एकदा स्पष्टच म्हणाली, की गोळ्या सूज उतरवतील, वेळ लागेल पण उतरवतील. पण बोटं वापरली नाहीत तर ती अशीच अर्धी वाकलेली राहतील, मग गोळ्यांच्याही हातात काही नाही. तिनं एक निळा मऊ गोळा दिला, लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा. रोज दाबायचा.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या ऋजूची झाकतच नाही, मग किंमत कळायची कशी?" त्याला बिचाऱ्याला हसवायचं होतं. आई घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

तो निळा गोळा मी खणात टाकला. आई आठवण करायची, मी 'हो' म्हणायचे. "कळतं पण वळत नाही तुला," एकदा ती वैतागून बोलली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. खरंच मला सगळं कळत होतं. हात जातील हे कळत होतं. पण तो गोळा दाबून कुणाचं काय भलं होणार होतं? बोटं माझी, दुखणं माझं, आणि दाबून झाल्यावर हातात उरणार तो निळा गोळाच. एवढ्यासाठी एवढं दुखवून घ्यायला माझ्यात त्राण नव्हतं.

त्याच शरद ऋतूत पुण्यात नाना, आईचे वडील, पडले. खुब्याचं हाड मोडलं. आईला जाणं भागच होतं. तिनं फ्रीजर पोळ्या-भाज्यांनी भरला, मला बटणांऐवजी डोक्यातून घालायचे कपडे काढून ठेवले, विमानतळावर माझे दोन्ही हात हातात धरून रडली आणि गेली. गडबडीत एक गोष्ट विसरली. आदल्या दिवशी नेडानं फिजोआचा डबा दिला होता. फळं आम्ही खाल्ली आणि डबा ओट्यावर रिकामा राहिला.

"राहू दे," बाबा म्हणाला. "आई आली की भरेल."

"तोपर्यंत दोन महिने?"

"मग डेअरीतून बिस्किटं आणू?" डेअरी म्हणजे इथं कोपऱ्यावरचं दुकान.

"विकतचं नाही घालत आई."

"तू पड गं. डोक्याला त्रास नको करून घेऊ."

बाबा ऑफिसला गेला की घरात मी आणि तो डबा. मी सोफ्यावर पडायचे तिथून तो बरोबर समोर दिसायचा. माझ्या आजाराच्या काळात आई एकदाही चुकली नव्हती, माझ्या उशाशी बसून उठायची आणि डबा भरायची. आणि आता तो माझ्यामुळे अडला होता. दोन-तीन दिवस मी कूस बदलून पाहिली. मग एका दुपारी चिडून उठले. खरं सांगते, त्यात परोपकार वगैरे काही नव्हता, नुसती चीड होती.

घरात बेसन होतं, तूप होतं, आणि दिवाळीला आई बेसनाचे लाडू करताना मी पाहिलेलं होतं. उंच स्टूल शेगडीपाशी ओढलं, तेवढ्यानंच दम लागला. तुपात बेसन घातलं आणि कालथा दोन्ही हातांनी धरून ढवळायला लागले. जरा ढवळायचं, शेगडी बंद करायची, मनगटं मांडीवर टेकवून बसायचं, परत शेगडी लावायची. आई ज्याला अर्धा तास लावते त्याला माझी अख्खी दुपार गेली. पण मध्येच केव्हातरी बेसन हलकं झालं, कढईत सरसर आवाज करत फिरायला लागलं आणि तो वास सुटला. घरात कितीतरी दिवसांत ओलीचा आणि मलमाचाच वास होता. मी कालथा धरून तशीच बसले आणि नुसता वास घेत राहिले.

गार झाल्यावर साखर आणि वेलची घातली आणि लाडू वळायला घेतला. वळेना. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची आणि बेसन मधल्या पोकळीतून खाली गळायचं. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग मात्र मी रडले. दुखत होतं म्हणून नाही, साधा लाडूही आपल्याला वळत नाही म्हणून. तोंड पुसलं, सगळा मोकळा भुगा डब्यात लोटला, झाकण वर नुसतं ठेवलं, कारण दाबून लावायची ताकद नव्हती. बुटांत पाय जाईनात म्हणून बाबाच्या जँडल्स, आपल्या साध्या रबरी स्लिपरा, अडकवल्या आणि अंगणातून फटीपाशी गेले. केवढं लांब वाटलं मला ते कुंपण!

नेडा झाडाखाली पडलेले फिजोआ पायानं लोटत एका जागी गोळा करत होती. तिला वाकता येत नसे. मी डबा पुढे केला आणि माफी मागायला लागले. "हे लाडू आहेत. म्हणजे असायला हवे होते. गोल. माझे हात..." तिनं झाकण उचललं. सैल होतं म्हणूनच तिला ते उचलता आलं. मग तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचा हात त्याच्या शेजारी कुंपणावर ठेवला. तिची बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वेडीवाकडी झालेली होती. "स्नॅप!" ती म्हणाली. पत्त्यांच्या खेळात सारखी पानं आली की इथली मुलं तसं ओरडतात. इतक्या वर्षांत तिच्या हातांकडे मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. मी नेहमीप्रमाणे झोपल्याचं सोंग करणार होते, पण टकटक थांबेना. नेडा पहिल्यांदाच कुंपण सोडून पुढच्या दारानं आली होती. कोपराला एक पिशवी, त्यात फडक्यात गुंडाळलेलं भांडं. त्यात शिजवलेले फिजोआ आणि वर माझं बेसन, ओव्हनमध्ये घालून खरपूस केलेलं.

"क्रम्बल," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "तू आणलंस तेच."

ते लाडूचं होतं हे मी परत सांगायला लागले. तिनं ऐकूनच घेतलं नाही. क्रम्बल करायचं म्हणजे लोणी पिठात बोटांनी चोळत बसावं लागतं, ती म्हणाली. हात गेल्यापासून तिला ते जमलं नव्हतं. झाडाखाली एवढे फिजोआ कुजायचे आणि ती ते लोकांना देऊन टाकायची, कारण क्रम्बल नाही तर एकटीनं ते खायचे तरी कसे? दुकानातलं तिनं आणून पाहिलं होतं. "लाकडाचा भुसा," ती म्हणाली. मग चमच्यानं भांड्याचा तळ खरवडत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "अजून करून देशील का गं? नो रश, लव्ह. पण मला हवंय."

मला हवंय. त्या शब्दांनी मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. माझ्याजवळ कुणी काही मागितलं त्याला किती काळ लोटला होता! लोक मला पड म्हणत, जप म्हणत, आराम कर म्हणत. आणि ही म्हातारी माझ्या सुजलेल्या हातांकडे बघून त्यांच्याकडूनच काहीतरी मागत होती. मला आनंद झाला. मी 'करते' म्हटलं आणि ती गेल्यावर संध्याकाळपर्यंत मेल्यासारखी झोपले. त्या दिवशीची झोप खरी होती.

मग आठवड्यामागून आठवडा मी बेसन भाजत गेले. यात सगळं गोड गोड होतं असं कुणी समजू नये. शुक्रवारी आठवड्याची गोळी घ्यायची, शनिवार मळमळीत जायचा. कधी बेसन करपलं. कधी कालथा उचलवलाच नाही, आणि मी फटीपाशी जाऊन 'आज नाही' म्हणून आले. नेडा 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणायची आणि मनापासून म्हणायची. हिवाळा लागला तशी वेगळीच कटकट सुरू झाली. आमच्या थंड घरात तूप गोठायचं आणि बेसनाच्या टणक गाठी व्हायच्या. नेडाला गाठी चालत नसत, तिच्या दातांना लागायच्या. मग मी हीटरपाशी बसून एकेक गाठ बोटांनी दाबून फोडायचे. दुखायचं. कण्हत फोडायचे. हॉस्पिटलातल्या त्या निळ्या गोळ्याची मला एकदाही आठवण झाली नाही.

मधल्या काळात डॉक्टरीणबाईनं गोळीही वाढवली होती, हे सांगायला हवं. सूज गोळीनंच उतरवली. मी आजही लोकांना औषध सोडून बेसन भाजायला सांगत नाही. पण सकाळी मी बोटांची वाट बघत पडून राहायचे ते कधी बंद झालं ते मला आठवत नाही. उठायचं असायचं, म्हणून उठायचे, आणि बोटं कुरकुरत मागून यायची.

आई आली ती ठरल्यापेक्षा उशिरा, हिवाळ्याच्या शेवटी. नाना काठी घेऊन चालायला लागले होते. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आल्या आल्या ओट्यावरचा डबा तिनं उघडून पाहिला.

"हे काय?"

"नेडाआजीचं. द्यायचंय."

"असं? भुगा?" आईनं कपाळाला हात लावला. "अगं, इतके दिवस तू तिला सांडलवंड दिलंस? काय म्हणाली असेल ती! थांब."

मी समजावलं, तिनं ऐकलं नाही. प्रवासाचे कपडेही न बदलता ती ओट्याशी उभी राहिली. तूप पातळ करून घातलं आणि भराभर लाडू वळले, सगळे एका मापाचे, प्रत्येकावर एक मनुका. मी बाजूला उभी राहून तिच्या हातांकडे बघत होते. किती सहज वळत होते ते! मला हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली. डबा भरला, झाकण टक्क करून लागलं आणि आम्ही दोघी फटीपाशी गेलो.

नेडाला झाकण उघडेना. आईनं उघडून दिलं. नेडानं आत पाहिलं, एक लाडू दोन बोटांत उचलला, फिरवून बघितला आणि माझ्याकडे वळली.

"व्हॉट आर दीज, रूज? माझं क्रम्बल कुठाय?"

"हेच ते. आईनं नीट केलंय."

"हे मी खायचं कसं?" तिनं लाडू माझ्यापुढे धरला. "फोडून दे बाई."

आईचा चेहरा उतरला. मी लाडू उजव्या हातात घेतला आणि डब्यावर धरून दाबला. ताजाच होता, तरी आईनं घट्ट वळलेला. एक कळ मनगटापर्यंत गेली. मी सवयीनं कण्हले, सवयीनं आणखी दाबलं. तो फुटला, बोटांच्या फटींतून खाली सांडला आणि मग दाबायला काही उरलंच नाही. मी खाली बघितलं.

"आई," मी म्हटलं, "वळली."

"काय वळली? चांगला वळलेला लाडू फोडलास."

मी हात वर केला. बोटांची टोकं तळहाताला टेकली होती. मध्ये पोकळी नव्हती, चिमूटभर बेसन तेवढं अडकलं होतं. आई बघत राहिली. तिनं माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, चाचपली, बोटं मोजल्यासारखी एकेक करून दाबून पाहिली. नेडाला काय चाललंय ते कळलं असावं किंवा नसावं. ती डब्यातलं बेसन चिमटीनं तोंडात टाकत उभी होती.

मग आईनं पदर नव्हता म्हणून प्रवासातल्या कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले, डब्यातून मनुका लावलेला दुसरा लाडू उचलला आणि माझ्या डाव्या हातात ठेवला.